उजनीकाठच्या माणसाने पुण्यात मेट्रोजवळ घर घेताना

कुगाव, चिखलठाण, केत्तूर, वांगी, कंदर. पाण्यापलीकडे कळाशी, पळसदेव, भिगवण. या पट्ट्यात पारावर आता ऊस आणि केळीच्या दरानंतर तिसरा विषय निघतो तो पुण्यातल्या फ्लॅटचा. पोरगं हिंजवडीला नाहीतर खराडीला लागलेलं असतं, लग्नाची बोलणी सुरू असतात आणि मुलीकडचा पहिला प्रश्न असतो, "पुण्यात स्वतःचं आहे का?" मग एखाद्या रविवारी चौघेजण गाडी करून साइट बघायला जातात आणि रात्री येताना मेट्रो स्थानकाच्या रंगीत चित्राचा कागद घेऊन येतात.

नकाशावरच्या रेघेचं काय होतं, हे खरं तर आपल्याला कुणी शिकवायला नको. उजनीचं भूमिपूजन १९६६ चं आणि धरण पूर्ण झालं जून १९८० मध्ये. मधल्या काळात गावं उठली आणि रेल्वेचा मार्गसुद्धा हलवावा लागला. डिकसळचा जुना रेल्वेपूल मग मोटारींच्या वाट्याला आला. रेघ खरी झाली, पण ती तिच्या सवडीनं झाली आणि काठावरच्या शेताला पाणी मिळालं ते आपणच मोटारी आणि पाइपलाइनी टाकल्यावर. मेट्रोजवळ घर घेताना एवढं ध्यानात राहिलं तरी बरेच पैसे वाचतात. पुढची यादी त्याच हिशेबानं केलेली आहे.

करा : आधी नोकरी कुठं आहे ते पाहा, मेट्रोचा मार्ग नंतर.
पुण्यात मेट्रोचे पहिले दोन मार्ग झाले. एक पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट, दुसरा वनाज ते रामवाडी. दोन्ही एकमेकांना भेटतात जिल्हा न्यायालय स्थानकात. पोराची कंपनी यांच्यापैकी एका मार्गावर किंवा एकदा गाडी बदलून पोचण्याजोगी असेल, तरच "मेट्रोजवळ" या शब्दाला जादा पैसे देण्यात अर्थ आहे. चाकण, रांजणगाव, तळेगावला कामाला असलेल्यानं कंपनीची बस कुठं थांबते ते आधी विचारावं. रात्रपाळी असेल तर शेवटची गाडी किती वाजता सुटते हेही विचारावं. मेट्रो रात्रभर चालत नाही.

टाळा : "प्रस्तावित" या शब्दाचे पैसे मोजणं.
सगळ्यात जास्त फसगत इथं होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सोलापूर रस्त्यावरून येणाऱ्याला हडपसर, मांजरी, फुरसुंगी, लोणी काळभोर हा भाग आपला वाटतो. गावाकडची एसटी तिथंच थांबते, बाजारात ओळखीचे चेहरे दिसतात, गावाला निघायचं तर शहर ओलांडावं लागत नाही. पण पहिल्या दोन्ही मार्गांपैकी एकही हडपसरला येत नाही. खराडी–हडपसर–स्वारगेट–खडकवासला या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली ती नोव्हेंबर २०२५ मध्ये. ही मंजुरी आहे, गाडी नव्हे. आणि जाहिरातीत मात्र स्थानक मंजुरीच्या कितीतरी वर्षं आधीपासून उभं असतं.

मंजुरीपासून गाडीपर्यंत किती वेळ लागतो? पहिल्या दोन मार्गांची पायाभरणी २४ डिसेंबर २०१६ ला झाली. प्रवासी पहिल्यांदा बसले ६ मार्च २०२२ ला, तेही दोन तुकड्यांत. वनाज ते गरवारे कॉलेज हा एक आणि पिंपरी ते फुगेवाडी हा दुसरा. ऑगस्ट २०२३ मध्ये मार्ग मध्यभागी जुळले, मार्च २०२४ मध्ये रामवाडी आली आणि स्वारगेटला गाडी पोचली २९ सप्टेंबर २०२४ ला. म्हणजे सुमारे ३३ किलोमीटरसाठी पावणेआठ वर्षं. हिंजवडी–शिवाजीनगर मार्गाचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मधलं. त्याच्या मुदती किती वेळा पुढं सरकल्या हे हिंजवडीत भाड्यानं राहणारं कुठलंही पोरगं सांगेल.

म्हणून साइटवरच्या माणसाला एकच विचारा : आज कोणती पायरी आहे? प्रस्ताव, राज्याची मंजुरी, केंद्राची मंजुरी, निविदा, खांब, चाचणी, प्रवासी, अशा सात पायऱ्या समजा. खांब उभे असतील तर थोडे जादा मोजायला हरकत नाही. त्याआधीच्या पायरीवर असेल तर मेट्रो नाहीच असं समजून घर पाहा. तसं पाहूनही परवडत असेल आणि आवडत असेल, तर घ्या. पुढं मेट्रो आली तर ती वरकड कमाई.

करा : चालून बघा. सोमवारी, सकाळी ९ वाजता.
"स्थानकापासून ५ मिनिटं" हे अंतर बहुधा रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर मोटारीनं मोजलेलं असतं. घराच्या दारापासून फलाटापर्यंत स्वतः चाला. अर्धा किलोमीटर रोज चालवतं. एक किलोमीटर चालायला उमेद लागते. त्यापुढं माणूस दुचाकी काढतो आणि एकदा दुचाकी काढली की ती थेट कंपनीतच जाते, मेट्रो राहते बाजूला. रस्ता ओलांडायचा आहे का, जिना कुठल्या बाजूला उतरतो, पदपथ आहे का, हे सगळं चालल्यावरच कळतं. जिल्हा न्यायालयाचं भूमिगत स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे, तिथं गाडी बदलायची म्हणजे सरकत्या जिन्यांवरच काही मिनिटं जातात. तीही त्या "५ मिनिटां"त धरा.

दुसरी फेरी पावसाळ्यात मारा. आपल्याकडं पाऊस म्हणजे चार-दोन मोठ्या सरी. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये तो ठाण मांडून बसतो.

टाळा : स्थानकाच्या नावावर भरवसा.
भोसरी या नावानं सुरू झालेलं स्थानक प्रत्यक्षात नाशिक फाट्यावर आहे. भोसरी गावातल्या फ्लॅटच्या जाहिरातीत "भोसरी मेट्रो" वाचून आनंद होण्याआधी नकाशा उघडा. आपल्याकडंही जेऊर स्टेशन म्हटलं की करमाळा आलाच असं बाहेरच्याला वाटतं.

टाळा : अगदी खांबाला खेटून घर.
पुण्यातला बराचसा मार्ग उन्नत आहे, म्हणजे खांबांवरून जातो. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोरून दर काही मिनिटांनी गाडी गेली, की पहिले आठ दिवस पाहुण्यांना कौतुकानं दाखवता येतं. नंतर खिडकी बंद राहते. एक गल्ली आत घर घ्या. अंतर तेवढंच पडतं, झोप मिळते.

आणखी एक गोष्ट साइटवर सहसा सांगत नाहीत. मेट्रो स्थानकाभोवती ५०० मीटरच्या परिघात चारपर्यंत एफएसआय (जागेच्या चौपटीपर्यंत बांधकाम) देण्याचं राज्य सरकारचं धोरण आहे. म्हणजे आज समोर बैठं घर किंवा तीन मजली जुनी सोसायटी असेल, तर उद्या तिथं टॉवर येणार हे धरूनच चला. समोरची मोकळी हवा कायमची समजू नका. वनाज-कोथरूडच्या बाजूला जुन्या सोसायटीतला फ्लॅट घेत असाल, तर मात्र हाच नियम तुमच्या बाजूचा होऊ शकतो. अशा वेळी पुनर्विकासाची बोलणी कुठवर आली, सोसायटीच्या नावावर जमिनीचं अभिहस्तांतरण झालं आहे का आणि सभासदांत भांडणं किती, हे चौकीदारालाही विचारा. कधीकधी तोच सगळ्यात खरं सांगतो.

करा : पाणी कुठून येतं ते विचारा.
११७ टीएमसीच्या धरणाकाठी वाढलेल्या माणसानं हा प्रश्न विचारायला लाजू नये. पुण्याला मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या साखळीचं पाणी मिळतं आणि वापरून झालेलं मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून आपल्या उजनीत येतं, त्याचा रंग आणि वास आपण उन्हाळ्यात बघतोच. शहराच्या कडेच्या नव्या सोसायट्यांत मात्र नळाला पाणी कमी आणि टँकरच जास्त, अशी अनेक ठिकाणी गत आहे. टँकरचा खर्च देखभालीच्या महिन्याच्या बिलात येतो. साइटवर विचारू नका. शेजारच्या, दोन वर्षं जुन्या सोसायटीतल्या बाईंना विचारा. त्यांना मार्चमधला टँकरचा आकडा तोंडपाठ असतो.

घर नदीकाठी असेल तर पुराची निळी रेषा आणि लाल रेषा कुठून जाते ते पाहा. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं. नदीचं दृश्य म्हणून जादा पैसे घेणाऱ्याला आपण सांगावं, की पाणी दारात आलेलं आमच्या आजोबांनी बघितलं आहे, त्याचे पैसे द्यायची आम्हाला हौस नाही.

टाळा : "फ्लॅट कशाला, गुंठा घेऊ."
शेतकरी माणसाला जमीनच कळते, हवेतलं घर पटत नाही. त्यामुळं शहराच्या कडेला एक-दीड गुंठा, शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी, सात-बारावर दहा-बारा जणांची सामाईक नावं, असा व्यवहार करून बसणारे आपल्याकडं बरेच आहेत. नोटरी केलेला कागद म्हणजे खरेदीखत नव्हे. मंजूर रेखांकन नाही, तर बँक कर्ज देत नाही आणि बांधकामाला परवानगीही मिळत नाही. पुढं मेट्रो किंवा रस्ता रुंदीकरणासाठी जागा गेलीच, तर मोबदल्याच्या रांगेत कागद दाखवायचा कुठला? पुनर्वसनाच्या रांगेत उभी राहिलेली आपली माणसं अजून गावात आहेत. त्यांना विचारा, कागदाची काय किंमत असते.

करा : महारेराचा क्रमांक घ्या, आणि तो नुसता घेऊ नका, उघडून वाचा.
महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, मे २०१७ पासून आहे. संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकला की जमिनीची मालकी, तिच्यावरचं कर्ज, मंजूर नकाशे, किती फ्लॅट विकले, ताबा देण्याची तारीख आणि ती किती वेळा वाढवली, हे फुकट दिसतं. ताब्याची तारीख तोंडी एक आणि महारेरावर दुसरी असेल तर महारेरावरची खरी.

पाच गोष्टी लक्षात ठेवा. किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला घेता येत नाही. भाव चटई क्षेत्रावर धरा. "सुपर बिल्ट-अप" ऐकू आलं की पेन खाली ठेवा. उघड्यावरची पार्किंगची जागा विकता येत नाही. ताब्यानंतर ५ वर्षांपर्यंत बांधकामातला दोष दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. आणि इमारत तयार म्हणून दाखवली तरी भोगवटा प्रमाणपत्र हातात घेतल्याशिवाय सामान हलवू नका.

जुना फ्लॅट असेल तर वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल, इंडेक्स टू, भागप्रमाणपत्र आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला. वकील आपला असावा, विकणाऱ्यानं सुचवलेला नव्हे.

टाळा : जमीन विकून सगळं घर रोखीनं घेणं.
पोरगं म्हणतं, "दोन एकर काढू, कर्जच नको." हिशेब बरा वाटतो, पण कर्ज घेतलं की बँकेचा वकील कागद तपासतो. ती एक चाळणी फुकटात लागते, ती का घालवायची? शिवाय पुनर्वसनात मिळालेली जमीन बहुधा भोगवटादार वर्ग २ ची असते. ती सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि परवानगीला लागणारा वेळ बिल्डरच्या वेळापत्रकात नसतो. वडिलोपार्जित जमिनीत बहिणींचा हिस्सा आहे. त्यांच्या सह्या घ्यायच्या तर राखीच्या साडीवर नव्हे, हिश्श्यावर बोला. ग्रामीण भागातल्या शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही हे खरं, पण जमीन नगरपालिकेच्या हद्दीजवळ असेल तर ती "ग्रामीण" धरली जाईलच असं नाही. करमाळा किंवा इंदापूर शहराजवळ जमीन असेल तर आधी सनदी लेखापालाला गाठा.

माझं मत विचाराल, तर पाण्याखालची बागायत शेवटची विकावी. फ्लॅट जुना होत जातो, मळी जुनी होत नाही.

टाळा : उसाच्या बिलावर हप्ता बांधणं.
कायद्यानं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे पैसे मिळायला हवेत. कायदा १९६६ चा आहे आणि १४ दिवसांचा अर्थ कारखान्यागणिक बदलतो, हे काय सांगायचं? बिल्डरचा स्लॅब पडला की त्याला पैसे लगेच लागतात; उशीर झाला की व्याज. केळीचं तर आणखी वेगळं. कंदरचा माल परदेशात गेला म्हणून यंदाचा भाव पुढच्या वर्षी राहतो असं नाही. हप्ता पोराच्या पगारातून भागेल एवढाच ठेवा. शेतीचा पैसा आला की मुद्दल फेडा. बदलत्या व्याजाच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीसाठी दंड नसतो.

करा : रोखीचा व्यवहार बँकेतून वळवा, वर्षभर आधी.
स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही. घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. "थोडे वरचे रोख द्या" म्हणणारा स्वतःची अडचण आपल्या गळ्यात घालत असतो. वरचे दिलेले पैसे करारात दिसत नाहीत, म्हणजे सौदा मोडला तर परत मागायला पुरावा नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी बँक कागद मागते : कारखान्याची बिलं, बाजार समितीच्या पट्ट्या, खात्यातल्या नोंदी. केळीच्या व्यापाऱ्याला आतापासून खात्यावर पैसे टाकायला सांगा.

करा : किमतीवरचा खर्च टनांत मोजून बघा.
समजा ६० लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट. पुणे शहरात पुरुषाच्या नावावर मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. (त्यातला एक टक्का मेट्रोसारख्या प्रकल्पांसाठीचा अधिभार. तो मेट्रोपासून दहा किलोमीटरवर घर घेणाऱ्यालाही चुकत नाही.) नोंदणी फी ३०,०००. ४५ लाखांच्या वरच्या चालू बांधकामावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ लाख. झाले साडेसात लाख. टनाला ३,००० रुपये धरले तर २५० टन ऊस. आणि हे बँक देत नाही. ६० लाखांच्या घराला बँक ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४८ लाख देते. गाठीशी साडेएकोणीस लाख असल्याशिवाय बोलणी पक्की करू नका. फर्निचर आणि वास्तुशांतीचं जेवण त्यात धरलेलं नाही.

भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीतला फ्लॅट घेतला तर जीएसटी लागत नाही. घर केवळ बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सूट मिळते, ६० लाखांवर ६०,००० रुपये. सुनेच्या नावावर कशाला, असा सूर घरात निघेल. काढणाऱ्याला हा आकडा सांगा. फक्त कर्ज मुलाच्या पगारावर असेल, तर अशी मांडणी बँकेला चालते का हे आधी विचारून घ्या. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का टीडीएस घेणाऱ्यानं कापून भरायचा असतो. तो किमतीतूनच जातो, पण भरायचा राहिला तर नोटीस आपल्याला येते.

टाळा : गावचा माणूस आहे म्हणून डोळे झाकून सही.
दलाल आपल्या तालुक्यातला असला की निम्मं काम झालं असं वाटतं. आमच्या भावकीतल्या एकानं अशाच ओळखीवर इसार दिला, पावती मागायची भीड वाटली. सौदा फिसकटला आणि तीन जत्रा दोघं एकमेकांना चुकवत फिरले. ओळख चहापुरती. पावती, दलालाचा महारेरा नोंदणी क्रमांक आणि दलाली किती, हे कागदावर.

टाळा : घरच्यांनी पाहण्याआधी व्हॉट्सअॅपवर स्टेटस. भाव तिथंच वाढतो.

करा : निर्णयाआधी एकदा आईला घेऊन गावाहून त्या घरापर्यंत जा.
गाडी करून नव्हे, पुढं जशी ती येणार आहे तशी. टेंभुर्णीहून एसटीनं स्वारगेट, किंवा जेऊरहून रेल्वेनं पुणे स्टेशन. दोन्हीकडं मेट्रोचं स्थानक आहे. हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी, शेंगाचटणीचा डबा, पाण्याची बाटली. पिशवी तपासणीच्या यंत्रातून जाईल, तिकीट निघेल, सरकत्या जिन्यावर पहिलं पाऊल टाकताना ती तुमचा दंड धरेल. उतरल्यावर घरापर्यंत ती किती वेळा थांबली ते मोजा. दोनदा थांबली तर घर जवळ आहे. रिक्षा करावी लागली, तर विकणाऱ्याकडं पुन्हा बसा आणि "मेट्रोजवळ" म्हणून लावलेले जादा पैसे किमतीतून कमी करायला सांगा.